पंचफुलाबाईंचं दीड एकर

हदगावच्या अंगाला खैरटाकळी नावाचं गाव आहे आणि त्या गावात पंचफुलाबाईंना सरळ चालताना कुणी पाहिलेलं नाही. चार पावलं गेल्या की वाकतात, काहीतरी खुडतात, हुंगतात आणि पदराच्या ओट्यात टाकतात. लेकीच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा त्यांनी वाटेवरची पाथरीची भाजी खुडली होती, असं त्यांची नणंद सांगते. नणंदेचं बोलणं अर्धं सोडून द्यायचं म्हटलं, तरी उरलेलं अर्धं खरं असावं.

ही विद्या सासूची. केवळाबाई तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. पहिल्याच श्रावणात त्यांनी नव्या सुनेला गावच्या गायरानात नेलं आणि म्हणाल्या, "घरात भाजी न्हाई म्हून मला इचारू नको, हितं इचार." तरोटा, कुंजरू, घोळ, चिवळ, केना, करटुली, वाघाटी. कोणतं कोवळं खायचं, कोणतं दोनदा उकडायचं आणि कोणतं नको असलेल्या पाहुण्याला वाढायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं.

सासू गेली आणि मागोमाग एकेक जागाही गेली. सोयाबीन आलं, त्याच्यामागं तणनाशक आलं. बांध आधी कोरले, मग फवारले. नाल्याकाठची झुडपं जेसीबीनं एका दुपारीत उपटली, त्याच्याबरोबर तितर गेले. उरलं ते गायरानातलं दीड एकर. तिथं गुरं घुसली की पंचफुलाबाई आधी गुरांना हाकलायच्या आणि मग गुराख्याच्या सात पिढ्या काढायच्या.

गंमत अशी, की गावातला सगळ्यात नामी फवारणीवाला त्यांच्याच घरात होता. त्यांचे मालक किशनराव. पाठीवर पंप चढवला की ते नवरदेवासारखे ताठ चालत. "माझ्या रानात गवताची काडी दावा, मिशी उतरवतो," असं चारचौघांत म्हणत. त्यांना मिशी नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण त्यांचं रान खरंच घरच्या ओसरीसारखं स्वच्छ असे आणि खैरटाकळीत शेतकऱ्याची याहून मोठी तारीफ नाही. नवरा-बायकोत एक तह होता. बांधाच्या आत त्यांचं राज्य, गायरानात बाईंचं.

मग ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती करावी लागली. कागदावर बायका कमी पडत होत्या म्हणून सरपंच हणमंतरावांनी पंचफुलाबाईंचं नाव घातलं आणि विसरून गेले. बाई विसरल्या नाहीत. सरकारनं आपल्याला काम दिलंय म्हटल्यावर त्यांनी अंगणवाडीच्या मनिषाला धरलं, गावच्या झाडापाखरांची नोंदवही काढायला लावली आणि तीन महिने तिला गायरानात उन्हातान्हाचं फिरवलं.

"काकू, हितं इचारलंय, बाहेरून येऊन जागा बळकावणारं काय काय हाय?" मनिषानं एकदा वाचून दाखवलं.

"सरपंचाचे मेव्हणे," बाई म्हणाल्या. "दोन गुंठे दाबलेत त्यायनी."

मनिषानं शहाणपणानं गाजरगवत लिहिलं.

शेवटी वही भरली. झाडं, वेली, पाखरं, किडे, सरडे धरून त्रेसष्ट नावं. तेवढ्यात बातमी आली की त्याच दीड एकरावर सभामंडप बांधायचा ठराव तयार आहे. बाईंनी दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी मनिषाला घेऊन वहीची नक्कल नांदेडच्या मोठ्या कचेरीत धाडली. तिथून उत्तर आलं: अधिकारी मॅडम स्वतः पाहायला येतील, वहीत आहे ते जागेवर दिसलं तर सभामंडप दुसरीकडं हलवू. पंचफुलाबाईंनी ते पत्र मनिषाकडून अकरा वेळा वाचून घेतलं.

मॅडम शुक्रवारी येणार होत्या. आणि त्याच आठवड्यात हिमायतनगरला त्यांच्या लेकीच्या, पुनमच्या बाळाचं बारसं निघालं. आजीशिवाय बारसं कसं व्हायचं? बाई मंगळवारी गेल्या आणि गुरुवारी दुपारच्या एसटीनं परतल्या.

गायरान फाट्याला लागूनच आहे. उतरल्या उतरल्या आधी वास आला. मग पांढऱ्या फक्कीच्या रेघा दिसल्या, मॅडमच्या स्वागताच्या मंडपाचे बांबू दिसले, आणि त्यांच्या पलीकडं दीड एकर तपकिरी होऊन पडलेलं दिसलं. मधोमध किशनराव कमरेवर हात देऊन उभे.

"आलीस का? बघ!" ते हरखून म्हणाले. "पंधरा पंप मारले! सरपंच म्हणले, मॅडम येऊन राहिल्यात, हितं कसं रान माजलंय, लाज जाईल. मजूर लावतो म्हणले. मी म्हणलो, मजूर काहून? माझ्या बायकोचा मान हाय, मी सोता मारतो. काडी ठिवली न्हाई!"

पंचफुलाबाई पिशवीसकट खाली बसल्या.

"आवं, तीच काडी तर दावायची होती," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

सासू गेली तेव्हा त्या रडल्या होत्या, त्यानंतर आत्ता. किशनरावांना आधी कळेचना. मग कळायला लागलं, आणि जसजसं कळत गेलं तसतसे कमरेवरचे हात खाली आले. "मला वाटलं, लई छान दिसंल," एवढंच ते म्हणाले. बाईंना त्यांचा संताप आला होता आणि त्याच वेळी कीवही येत होती, कारण ह्या माणसानं चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या मानासाठी केलेलं हे पहिलं काम होतं.

शुक्रवारी मॅडम आल्या. हणमंतरावांनी नारळ दिला, शाल दिली आणि हात पसरून म्हणाले, "हेच ते ठिकाण मॅडम! एकदम चकाचक करून घेतलंय!"

मॅडमनी वहीकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं. "त्रेसष्ट?" त्यांनी विचारलं.

सरपंचांच्या शेजारी मेव्हणे सभामंडपाचा नकाशा घेऊन तयारच होते. पंचफुलाबाई पुढं झाल्या. "खोटं लिवलं न्हाई, बाई. मंगळवारपतुर समदं होतं. माझ्या मालकानं फवारलं. चला, उरलंय ते दावते."

त्या गायरानाच्या कोपऱ्यातल्या वारुळाकडं निघाल्या. किशनराव कितीही मोठे फवारणीवाले असले तरी नागोबाच्या अंगावर औषध उडवण्याची त्यांची छाती नव्हती. तिथं त्यांनी पंप बंद करून, हात जोडून, भला मोठा वळसा घातला होता. त्या वळशात गुंठाभर हिरवं शिल्लक होतं. बाई वाकल्या आणि एकेक दाखवत गेल्या. मनिषा वहीत खुणा करत गेली. वीस झाली, सव्वीस झाली. टिटवी डोक्यावर ओरडत होती, तीही धरली. एकतीसवर गाडी थांबली.

मग बाईंनी जळलेल्या भागात करटुलीच्या वाळक्या वेलाखाली बोटांनी उकरलं. खाली कंद होता. नखानं सोलला तर आत पांढरा, ओला.

"जित्ता हाय," त्या म्हणाल्या.

मॅडम चपला बाजूला ठेवून खाली बसल्या आणि त्यांनी दुसरा कंद स्वतः उकरून पाहिला. मग उठून हणमंतरावांना म्हणाल्या, "सभामंडप वर्षभर थांबवा. पुढच्या श्रावणात मी परत येते. जळालेल्यातलं निम्म्याच्या वर परत आलं, तर ही जागा कायमची राखीव करू. नाही आलं, तर माझा इलाज नाही." नकाशाची गुंडाळी झाली.

सगळे मंडपात परतले. वहीच्या शेवटी दोन रकाने कोरे होते. मॅडमनी विचारलं, "जागेला मुख्य धोका कुणापासून? आणि राखण कोण करणार? नावं लागतील."

मनिषानं पेन उघडलं. सरपंच दुसरीकडं बघायला लागले.

"धोक्यात लिव, किशनराव," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मंडपात हशा पिकला. किशनराव मान खाली घालून उभे होते.

"आन् राखणीत पण त्यायचंच नाव लिव. चांगलं उगवलेलं मारायला ज्याला दोन दिस लागले, त्यानं वरीसभर उगवायची वाट बघावी."

मनिषानं वही पुढं केली. किशनरावांनी दोन्हीकडं सह्या केल्या. पहिली कुठं करायची, ते मनिषाला बोटानं दाखवावं लागलं; दुसरी जागा त्यांनी स्वतःच शोधली.