ठोकून बसवलेली टोपी

गोदूबाईंचा राग माहीत नाही असं घर रानशेतात नव्हतं. ताक आंबट झालं तरी त्यांचा आवाज चढे. मात्र बंदुकीच्या टोपीचा विषय निघाला की बाई पेटतच.

नवरा गेल्यावर पीकराखणीच्या बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर झाला होता. बंदूक जुनी, ठासणीची. चाप ओढला की घोडा तांब्याच्या इवल्याशा टोपीवर आपटतो, टोपी फुटते आणि ठिणगी आत दारूला लागते. टोपी निवडायची गोदूबाईंची रीत एकच: बोटाने हलकी दाबली की बसली पाहिजे. सैल नको आणि घट्ट तर मुळीच नको.

२०१९च्या निवडणुकीसाठी पोलिसांत जमा केलेली बंदूक जूनमध्ये परत मिळाली. तोवर डुकरांनी वाडीतली सुरणं उकरून टाकली होती. गोदूबाईंचा मुलगा हितेश घाईघाईने कुठूनशा स्वस्तातल्या टोप्या घेऊन आला. वाडीचा जुना राखणदार हाल्या, एका डोळ्याचा, पडवीत नळी धरून उभा राहिला. टोपी काही बसेना. हितेशने खलातला बत्ता उचलला.

"ठेव तो खाली," गोदूबाई कडाडल्या.

हितेश हसला. एवढ्याने काय होतंय, बाबाही ठोकूनच बसवायचे, म्हणाला. हाल्याचा डोळा गेला तो त्याच्याच धांदरटपणाने, हे बाबांनीच नव्हतं का सांगितलं?

तेवीस वर्षं गावभर हेच सांगितलं जात होतं: हाल्या टोपीशी खेळत बसला, म्हणून ती फुटली. गोदूबाई तेव्हा दारातच होत्या. त्या गप्प राहिल्या आणि त्या गप्प राहण्याची चीड आजवर ताकावर, कोंबड्यांवर, सुनेवर काढत आल्या. कुणी एकदा तरी विचारायचं होतं की बाई, नक्की रागावता कुणावर?

"टोपी तुझ्या बापाने ठोकली," त्या म्हणाल्या. "याच बत्त्याने. हाल्या नुसती नळी धरून होता, आता आहे तसाच. तांब्याचा तुकडा उडाला. मी पाहिलं आणि घराची अब्रू जाईल म्हणून तोंड शिवून बसले. लाज वाटते मला माझी."

हितेशने बत्ता खाली ठेवला. गोदूबाई हाल्याकडे वळल्या. बिचाऱ्याला उशिरा का होईना, खरं कळलं, असं त्यांच्या मनात आलं.

हाल्याने नळी अजून सोडली नव्हती.

"ठाव आहे, बाय," तो म्हणाला. "त्याच डोल्यानी बघला होता."