रडवण्याची युक्ती

आमच्या केडगावात फैयाजचं नाव निघतं ते आजही मालिकेतला रडका पोरगा म्हणूनच. आता तो मोठा दिग्दर्शक आहे, त्याचे पिक्चर गर्दी खेचतात, पण लोकांना आठवतात ते त्याचे आठव्या वर्षीचे डोळे. काय रडायचा हो, म्हणतात. कसा रडायचा, ते कुणी विचारत नाही. मी विचारलं होतं. मी त्याचा लहानपणापासूनचा शेजारी आणि आता सेटवरचा साहाय्यक.

तेव्हा शूटिंगला त्याच्यासोबत आईबाप दोघंही असायचे. रडायचा सीन आला की बाप, पीरमहंमद, बायकोला, चांदबीला, काहीतरी आणायला बाहेर धाडायचा आणि पोराच्या कानाला लागायचा, "तुझी अम्मी गेली. गाडीखाली आली." पोरगं धाय मोकलून रडायचं. शॉट ओके झाला की चांदबी दारात उभी. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. या पोराला मात्र दर वेळी ते खरंच वाटायचं. सगळे बापाची पाठ थोपटायचे. मला विचाराल तर त्याला जोड्यानं मारायला हवं होतं.

"माझ्या सेटवर हे कधी हुणार न्हाई," फैयाज म्हणायचा. दिग्दर्शक झाल्यापासून त्यानं ते पाळलं. पोर रडलं नाही तर तो सीन बदलायचा, निर्मात्याच्या शिव्या खायचा. त्याला बापासारखं व्हायचं नव्हतं, बास.

गेल्या हिवाळ्यात अकोले तालुक्यातल्या डोंगरात शूटिंग होतं. तिथल्याच गावातली आरती, नऊ वर्षांची, गुणी पोर. पण शेवटच्या सीनला तिच्या डोळ्यांत पाणी येईना. ग्लिसरीन लावलं तर डोळे चोळून हसायला लागली. ऊन उतरत चाललं होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परतायचं होतं. फैयाजनं घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "हर्षल, तिच्या आईला जीपकडं पाठव."

"फैयाज, नको," मी म्हणालो. त्यानं दुसऱ्या कुणालातरी सांगितलं. रोज आरतीचा डबा घेऊन येणारी ती बाई निमूट उठून खाली रस्त्याकडं गेली.

कॅमेरा सुरू झाला. फैयाज आरतीपाशी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "बाळा, तुझी आई गेली. जीपखाली आली."

आरती रडली नाही. त्याच्याकडं बघत राहिली.

"आई तर पोळ्यालाच तापानं गेली," ती म्हणाली. "ती मावशी हाय." मग तिनं वळून रिकाम्या वाटेकडं पाहिलं आणि तिचा आवाज फुटला. "आता मावशी बी गेली का?"

नाही गेली, एवढंच त्यानं म्हणायला हवं होतं. कॅमेरा चालू होता. शॉट पूर्ण होईपर्यंत फैयाज गप्प बसून राहिला.