खाऱ्या वाळूतला झिरा

"पानी पाहाचं असन, तं आमच्या कन्हानचं पाहा."

नत्थूजी हे वाक्य बोलले नाहीत असा दिवस मला आठवत नाही. कामठीच्या बाजारात म्हणत, लग्नाच्या पंगतीत म्हणत, मयताहून परत येतानाही हळूच म्हणत. आमचं गाव कन्हान नदीच्या काठी. नदी आटली की उघड्या पडलेल्या वाळूत नत्थूजी टरबुजाची वाडी लावत. वेलांवर पसरलेली त्यांची नजर आणि नदीवर पसरलेली त्यांची नजर, दोन्ही मालकाच्याच.

रविवारी नागपूरचे लोक आमच्या आमराईत रोडगे-वांग्याचा बेत करायला येत. त्यांनी बोलावलं नसलं तरी नत्थूजी सोबत जायचे. इथं डोह, इथं मगर दिसली होती, इथून सूर्य बुडताना पाहा. दुपारी तहान लागली की ते वाळूत कोपरभर खड्डा करत, आणि त्यात हळूहळू काचेसारखं पाणी भरत येई. आमच्याकडे त्याला झिरा म्हणतात. पहिली ओंजळ नदीला परत, दुसरी घरच्या बाईला, मग बाकीच्यांना. ही आमची रीत. नत्थूजींचा झिरा कधी गढूळ निघाला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि छातीठोक सांगतो.

दुसरी ओंजळ घेणारी त्यांची बायको गोपिकाबाई. कमी बोलणारी, कामाला वाघीण. नत्थूजी नदीचं गुणगान करत तेव्हा ती तांदळातले खडे वेचत "हं, हं" करायची. त्यांना तेवढं पुरे होतं.

मग एका उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ मधुकर रजेवर आला. तो कस्टममध्ये शिपाई होता, रत्नागिरीकडे खाडीकाठच्या एका लहानशा गावात त्याची नेमणूक होती. चुलीपाशी बसून तो समुद्र सांगू लागला. दिवसातून दोनदा चढणारं आणि दोनदा उतरणारं पाणी. कड्यावरचा पडका किल्ला. आभाळापर्यंत जाणारी आणि तिथंही न संपणारी निळाई. गोपिकाबाईच्या हातातला पिठाचा उंडा हातातच राहिला. तव्यावरची भाकर करपली, घरात धूर झाला, तरी तिला कळलं नाही.

नत्थूजींना मात्र कळलं.

"इतके वर्स झाले," मधुकर अंगणात गेल्यावर ते म्हणाले, "मी बोलून राहिलो. माह्या बोलन्यानं तुही एक भाकर जळली नाही वं."

"भाकर जळली त्याचा राग हाय, का तुमच्या बोलन्यानं नाही जळत त्याचा?" ती म्हणाली आणि हसली.

ते हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांना समुद्राचा असा मत्सर वाटू लागला, जसा एखाद्याला गावात नव्यानं आलेल्या देखण्या माणसाचा वाटावा. समुद्राचं नाव निघालं की ते विषय मोडत. ती धुणं धुताना नदीकडे बघत थांबली, तर विचारत, "कोनतं पानी पाहून राहिली?"

शेवटी टरबुजं विकली गेल्यावर त्यांनीच जाहीर केलं, "चला, पाहूनच येऊ. एकदा तिनं पाह्यलं का फिटलं." शेजारच्या रंभाबाई निघाल्या, मीही निघालो. रेल्वे, मग एसटी, मग पुन्हा एसटी. वळणावळणाच्या घाटात रंभाबाईंचे सगळे देव आठवून झाले, तेव्हा कुठे मधुकरचं गाव आलं.

समुद्र पहिल्यांदा दिसला तो माडांच्या फटीतून. गोपिकाबाई चालता चालता थांबली. तिचा पदर उडाला, तो तिनं सावरला नाही. नत्थूजी बाजूला जाऊन उभे राहिले.

"कसा वाटते?"

तिला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"आं?" ती म्हणाली. डोळे तिकडेच.

"काही नाही. आपल्या कन्हानले पूर आल्यावर असंच दिसते," नत्थूजी म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मधुकरनं होडी ठरवली. खाडी ओलांडून पलीकडच्या किल्ल्यावर जायचं, तिथून खाली उतरून एका निवांत किनाऱ्यावर भाकरी खायची, आणि भरतीच्या पाण्यावर होडीवाला परत न्यायला येणार. कन्हानच्या डोंग्यात बसताना गोपिकाबाई नत्थूजींचा दंड घट्ट धरून डोळे मिटायची. इथं ती होडीच्या काठाशी बसली आणि पाण्यात हात सोडून दिला. बोटांमागे पाण्याची रेघ उमटत गेली. नत्थूजी आपला रिकामा दंड दुसऱ्या हातानं धरून बसले.

"भाऊजी, भेव लागून राहिलं काय?" मधुकरनं विचारलं.

"मले? मी पान्यातच वाढलो गा."

"मंग तोंड काहून असं कडू कारल्यावानी?" रंभाबाई म्हणाल्या.

किल्ल्याची चढण उन्हाची होती. वरून दोन्हीकडचे किनारे दिसले, लाटांची पांढरी किनार, तिच्यामागे पुन्हा किनार. मधुकर बोट दाखवी तिकडे गोपिकाबाई बघे. सोबत आणलेलं पाणी वरच संपलं. खालच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा टाळ्याला जीभ चिकटत होती.

"त्या माडांच्या मागं दोन घरं हायेत, विहीर हाय," मधुकर डबा उचलत म्हणाला. "मी आनतो."

"बस गा," नत्थूजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा उजेड आला. "वाळू हाय, पानी हाय. नदीवाल्या मानसाले विहीर कायले पाह्यजे?"

मधुकर काही बोलणार होता. रंभाबाईंनी त्याला डोळ्यानं दटावलं. नत्थूजी धोतर खोचून ओल्या वाळूत बसले, अगदी पाण्याच्या काठाशी, कन्हानवर बसतात तसेच. कोपरभर खड्डा झाला. वाळू पाझरली आणि नितळ पाणी वर आलं. दिसायला हुबेहूब आमच्या नदीचं! मीही क्षणभर फुललो.

पहिली ओंजळ त्यांनी समुद्राला दिली. नाखुशीनं दिली, पण दिली. दुसरी भरून गोपिकाबाईपुढे धरली.

ती वाकून प्यायली. घोट गिळताना तिचा गळा थोडा थांबला. मग तिनं मान वर केली.

"थंड हाय," ती म्हणाली, आणि उरलेलं पाणीही संपवलं.

"पाह्यलं?" नत्थूजी आमच्याकडे वळून म्हणाले.

मधुकरनं पुढे होऊन तोंडाला पाणी लावलं आणि फुर्रकन उडवलं. "अवो भाऊजी, हा तं समुद्रच हाय! मिठाचा खडा!" तो पोट धरून वाळूत बसला. रंभाबाई म्हणाल्या, "वरन शिजवाले बरं हाय, मीठ टाकाचं काम नाही." मीही हसलो, खोटं का सांगू.

नत्थूजी बायकोकडे बघत होते.

"तुले समजलं नाही?"

"समजलं."

"मंग काहून पेली?"

"तुमी देल्लं म्हनून."

यावर एखादा माणूस निवला असता. पण मत्सर एकदा आत शिरला की सरळ शब्दालाही वाकडा करून बघतो. नत्थूजींनी समुद्राकडे मान केली. "माह्या हातचं म्हनून पेली, का त्याचं म्हनून?"

गोपिकाबाईनं ओठांवरचं मीठ पदरानं पुसलं. तिच्या डोळ्यांत राग होता आणि रागाच्या मागे आणखी काही होतं, ते वाचायला मी लहान पडलो.

"जा," ती म्हणाली. "विहिरीचं पानी आना. ते पेतो अन् मंग सांगतो."

मधुकर उठला, "भाऊजी, बसा, मी जातो."

"तू नाही," ती म्हणाली. "त्याईलेच जाऊ दे."

नत्थूजींनी डबा उचलला आणि ते निघाले. ओल्या वाळूतून कोरड्या वाळूत, कोरड्या वाळूतून चढावर. खांदे ताठ, मान ताठ. एकदाही मागे पाहिलं नाही.

तेवढ्यात मधुकर बहिणीला हाक मारत ओरडला, "बाई, पाह्य, पाह्य!" समुद्रात काळे मोठे मासे पाण्याबाहेर उड्या मारत ओळीनं चालले होते, पाठी उन्हात चकाकत होत्या. रंभाबाई उभ्या राहिल्या, मी पाण्यात धावलो. मधुकर हाका मारत होता, "बाई, पुन्हा दिसनार नाही, इकडं पाह्य नं!"

मी तिला सांगायला वळलो. गोपिकाबाई समुद्राकडे पाठ करून, उन्हावर हात धरून उभी होती. माडांच्या बुंध्यांमधून नत्थूजींचं पांढरं धोतर दिसत होतं, लपत होतं, पुन्हा दिसत होतं. ते पार दिसेनासं झालं तरी तिनं डोळ्यांवरचा हात काढला नाही.