ताईंच्या चार ओळी

बस डेपोच्या वरच्या मजल्यावर प्रोग्रामर आम्ही दोघंच. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. गाड्यांचं वेळापत्रक लावणारा प्रोग्राम मुळात त्यांचाच. तो सुधारायला मला घेतलं, आणि मी आधी एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, निवडायला घेतला. वाईट एडिटरमध्ये चांगला कोड लिहिता येत नाही, असं माझं ठाम मत. चांगल्या एडिटरमध्येही मला वाईट कोड सहज लिहिता येतो, हे अजून कळायचं होतं.

पहिल्या वर्षात सात एडिटर झाले. शून्य आणि 'ओ' वेगळे दिसतात की नाही, यावर दोन दिवस गेले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी अंगण सात वेळा सारवलं. ताई मात्र संगणकासोबत आलेल्या साध्या नोटपॅडमध्ये लिहायच्या. मला त्यांची कीव यायची.

घरी निघण्याआधी ताई त्या दिवसाच्या कोडची प्रत त्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. सोबत चार ओळी: काय बदललं, का बदललं, कोणी सांगितलं, काय राहिलं. माझ्याकडे 'शेवटची', 'अगदी शेवटची' आणि 'ही नको' अशा तीन प्रती होत्या. चालायची ती 'ही नको'.

एका सकाळी डेपोच्या साहेबीणबाई स्वतः जिना चढून आल्या. सतरा नंबरच्या सहाही गाड्या प्रोग्रामने एकाच वेळी सोडल्या होत्या. खिडकीतून पाहिलं तर फाटकाशी सहा बस एकामागे एक उभ्या, आणि ड्रायव्हर खाली उतरून गप्पा मारत होते. आदल्या दिवशी साफसफाईच्या भरात मी एक निरुपयोगी ओळ काढली होती. तिन्ही प्रतींमधून, नेटकेपणाने. आता ती काय होती, ते आठवेना.

ताईंनी जुनं फोल्डर उघडलं. त्यांची टीप होती: 'सतरा नंबरमध्ये दहा मिनिटांचं अंतर हाताने घातलं आहे. ओळ वेडगळ दिसते, पण काढू नये.' वीस मिनिटांत गाड्या हलल्या. चूक कोणाची, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "आमच्याकडून झाली."

बाई गेल्यावर ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एडिटर कुठलाही घे रे. पण का लिहिलंस, तेवढं लिहीत जा."

पुढे प्रत्येक बदलाचा इतिहास आपोआप सांभाळणारी व्यवस्था आणायचं ठरलं. ताईंना पटवायला मी तीस पानांचं सादरीकरण केलं. तिसऱ्याच पानावर त्यांनी थांबवलं. "म्हणजे मी करते तेच, फक्त मशीन करणार. कधीपासून सुरू करायचं?" दोन आठवडे बसून त्यांनी अकरा वर्षांची फोल्डरं, चार-चार ओळींसकट, क्रमाने त्यात चढवली. मी तोवर त्या व्यवस्थेला शोभेल असा आठवा एडिटर शोधत होतो.

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. माझ्या सुरुवातीच्या टिपा अजून त्या इतिहासात आहेत: 'बदल', 'अजून बदल', 'कालचा बदल चुकला'. पुसता येत नाहीत, मी प्रयत्न केला. त्यांच्या टिपा मात्र सगळे वाचतात. परवा नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, ताई कुठल्या टेबलावर बसतात, त्यांना एक शंका विचारायची आहे.

मी फोन नंबर दिला. स्वतः उत्तर देण्याचा मोह झाला होता, पण आवरला.