बाबांच्या बंदुकीवरच्या चार कोऱ्या जागा

खंडेनवमीच्या आधीचा रविवार, सकाळ. जागा – कल्याण पश्चिम, आमच्या फ्लॅटची गॅलरी. हजर – मी, माझा नवरा प्रकाश, विठ्ठलवाडीहून आलेले बाबांचे मित्र साळवीकाका, आणि आतल्या खोलीत पलंगावर बाबा.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. कागद नसेल तर गोष्ट घडलीच नाही, असं मानणारी.

बाबांची एकनळी बंदूक आमच्या मुरबाडकडच्या गावची. भातात रानडुकरं शिरायची म्हणून घेतलेली. परवाना चालू आहे, काडतुसं घरात ठेवत नाही. दर खंडेनवमीला बाबा ती स्वतः पुसून पूजेला मांडायचे. यंदा उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "बोटं काहीच साथ देत नाहीत, फार आशा धरू नका." हे ऐकल्यापासून बाबांनी व्यायामच सोडला. बंदूक नव्यासारखी दिसली तर माणूस निदान उठून बसेल – एवढाच माझा हेतू.

साळवीकाका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. त्यांनी नळी सुटी केली, पॉलिश पेपरने जुना विटलेला रंग पूर्ण काढला. मग ॲसिटोनने पुसली. "आता हातमोजे घालूनच शिवायचं. तेलाचं बोट लागलं की तिथे रंग धरत नाही," ते म्हणाले. "तशी या बंदुकीने तुझ्या बापाने फांद्याच पाडल्या म्हणा."

"ऐकू येतंय रे, साळव्या!" आतून बाबा.

कापसाच्या बोळ्याने लोखंड काळं करायचं औषध लावलं, नळी निळसर काळी झाली. सुंदर! फक्त लाकडी पकड संपते तिथून पुढे चार जागा कोऱ्या राहिल्या… बोटांएवढ्या, एकाखाली एक.

"मनीषा, हात लावलास ना?"

"काका, मोजे आहेत की माझ्या हातात!"

पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. त्याच चार जागा कोऱ्या. नळाखाली धुतल्यावर सगळी नळी गार, पण तेवढ्या जागा कोमट लागत होत्या. प्रकाशने आपली बोटं ठेवून पाहिली, काकांनी ठेवली. जुळेनात. शेवटची खूण बाकीच्यांपासून फटकून, बाहेर वळलेली होती. बाबांची करंगळी तशी आहे – लहानपणी आंब्यावरून पडून मोडलेली.

मी नळी आत नेली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली.

बाबांनी एकेक खूण निरखली. "हात ठेव गं बाय माझा."

मी त्यांचा लुळा हात उचलून त्या खुणांवर ठेवला. चारही बोटं तंतोतंत बसली. मी मनगट सोडलं… हात खाली पडला नाही. करंगळी नळीवर दाबली गेली. मी पाहिलं, प्रकाशने पाहिलं.

"काय गं, रडतेस काय?" बाबा म्हणाले. "ती मॅडम उद्या येते का विचार."

मॅडमच्या मते, नसा कधीकधी उशिरा जाग्या होतात. बरोबर असेल. काकांच्या मते, इतक्या वर्षांचा घाम लोखंडात मुरला असेल. पण मग बाबांनी हजारदा हजार ठिकाणी धरलेल्या नळीवर एकच पकड का उमटावी? आणि रंग काढण्याआधी प्रकाशने काढलेल्या फोटोत तिथे काहीच का दिसत नाही?

बंदूक तशीच पुजली. आता बाबा डाव्या हाताने चहाचा कप धरतात, थोडा सांडतात, आणि सांडला की कपाला शिव्या देतात. त्या कोऱ्या जागा गंजू नयेत म्हणून मी तेल लावून ठेवते. काका म्हणाले, "आण इकडे, पुन्हा एकदा रंगवून पाहतो." बाबांनी नळी उजव्या हाताने स्वतःकडे ओढली.

"माझ्या बोटांचं काम आहे ते. मी करीन."

रोज संध्याकाळी ते औषध लावायचा कापसाचा बोळा डाव्या चिमटीत धरायचा प्रयत्न करतात. अजून निसटतो. चार जागा रंगवायच्या राहिल्यात.