कुंड्या न्या, पण वासासकट न्या

चामोर्शीच्या एसटी स्टँडवर मी नवी नवरी उभी होते, आणि माझ्या पायाशी सिमेंटच्या पोत्यात वैनगंगेचा गाळ भरलेला होता. बाबांनी सकाळीच मार्कंड्याच्या घाटाखालून तो भरून आणला होता. भद्रावतीचं आपलं क्वार्टर पहिल्या मजल्यावर आहे, असं माझ्या नवऱ्यानं सांगितलं तेव्हापासून बाबांना घोर लागला होता. "पायाखाली माती नाई त्या घरात पोरगी कशी राहीन? मंग माती तरी ने," म्हणाले. कंडक्टरनं पोत्यात बोट खुपसलं. "काऊन बाई, रेती चोरून नेऊन राह्यली का?" माय थोडीच सोडते! "पोरगी सासरी चालली, रेती कायले चोरन? गाळाचं तिकीट असन तर काट!" सगळी बस हसली. आमचे हे खिडकीबाहेर बघत बसले. बायकोही आपली नाही अन् पोतंही आपलं नाही, असा चेहरा.

हे लिहिते आहे ते गावातल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि गाव सोडून कुठं कुठं गेलेल्या आपल्या पोरींसाठी. लिहिताना माझा हात शाळेतलं मराठी लिहितो. भांडताना मात्र मी आपल्याच बोलीत भांडते, ते पुढे दिसेलच.

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं झालं होतं. ह्यांच्या कारखान्याच्या कॉलनीत नळ होता, ट्यूबलाइट होती, आणि कोळशाची बारीक धूळ होती, जी वाळत घातलेल्या लुगड्यावरही बसायची. गावात घरामागं धानाच्या बांध्या आणि पुढं नदी. इथं माझ्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसायची. सुरुवातीला मी नुसती रडत होते. मग रडायचाही कंटाळा आला.

कारखान्याच्या गेटजवळ ऐन थंडीत लालभडक फुलांचे वाफे होते. पळस म्हणावा, तर पळसाला अजून अवकाश होता. तिथल्या माळीभाऊंना विचारलं. "साल्विया म्हंतेत याले. कुंडीतबी येते," म्हणाले, आणि उरलेली चार रोपं हातावर ठेवली.

आता माझा शहाणपणा ऐका. मी धानाच्या मुलखातली. रोप म्हटलं की चिखल, आणि चिखल म्हटलं की पाणी, एवढंच ठाऊक. कुंडीच्या बुडाला भोक दिसलं, मला वाटलं दुकानदारानं फुटकी कुंडी गळ्यात मारली. ते भोक गाळानं लिंपून टाकलं, रोपं लावली, आणि बांधीत भरतात तसं काठोकाठ पाणी भरून ठेवलं. रोपं मुळापासून सडली. खालच्या क्वार्टरमध्ये सुलभाबाई राहायच्या, मूळच्या पुण्याकडच्या. त्या वर बघून म्हणाल्या, "अगं, कुंडीत भात लावलायस की काय?" अख्ख्या बिल्डिंगच्या बायका हसल्या. मला असा राग आला की बोलायची सोय नाही. पुढची सगळी वर्षं माझी साल्विया त्या रागावर फुलली, असं म्हटलं तरी चालेल.

पुढच्या खेपेला भोक मोकळं केलं, त्यावर खापरीचा तुकडा ठेवला, गाळात रेती आणि कुजलेला पाला मिसळला. माळीभाऊंकडून बी आणलं. पावसाळा सरता सरता ते मातीवर नुसतं भुरभुरवलं. रोपं बोटभर झाल्यावर उपटून वेगवेगळ्या कुंड्यांत लावली. धानाचा परा, म्हणजे कोवळी रोपं, रोवून रोवून ते काम तर माझ्या हाडात मुरलेलं. पण दुपारी बघते तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. वाटलं, हीही गेली. मग माय आठवली. रोवण्याच्या वेळी मी लहानपणी अशीच घाबरले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "जागा बदलली का परा मान टाकतेच. त्याच्याकडे पाहून रडू नोको. पाणी दे, अन् आपल्या कामाले लाग." हे तिनं मला बसमध्ये चढवतानाच सांगायला हवं होतं.

रोपं उभी राहिली. शेंडे खुडले तशा फांद्या फुटल्या. रविवारी आमच्याकडे मासोळी असायचीच. आम्ही ढिवर, नदीवर जाळं टाकणारे. गावात मासोळी धुतलेलं पाणी परसातल्या दोडक्याच्या वेलाला जायचं. मी ते कुंड्यांना घालू लागले. त्या हिवाळ्यात गॅलरी लाल झाली.

आणि सुलभाबाई जिना चढून वर आल्या. "फुलं छान आहेत गं. पण ते पाणी बंद कर. इथे चांगली माणसं राहतात."

चांगली माणसं! त्यांना नेमका कशाचा वास येत होता, ते मला कळलं. रात्री जेवताना हे म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर कायले? फेकून दे कुंड्या." मी म्हटलं, "माशाशी आपलं वैर कुठं? आपली तर पिढ्यांची सोयरीक आहे." ते हसले, मी नाही हसले. आज पाणी बंद केलं असतं, तर उद्या दार लावून मासोळी शिजवली असती, आणि परवा लेकरांना सांगितलं असतं की शाळेत आजोबांचा धंदा सांगू नका. मी खाली गेले. "बाई, पाणी तुमच्याकडे ठिपकत असन तर मी कुंड्यांखाली ताटल्या ठेवतो. पण वासासाठी बंद करणार नाई. तुमची हिंगाची फोडणी बसते, तवा मी नाक दाबतो का?"

ताटल्या ठेवल्या. बोलणं मात्र बंद झालं, ते कित्येक वर्षं.

मग नवं शतक लागल्यावर एका जानेवारीत त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. खाली मांडव पडला. सुलभाबाई पुन्हा वर आल्या, माझ्याकडे न बघता कुंड्यांकडे बघत म्हणाल्या, "मांडवाच्या दाराशी ठेवायला देशील? असा लाल रंग कुठे मिळत नाही. फक्त तेवढे दिवस ते पाणी..."

"न्या ना. पण वासासकट न्या. रविवारी पाणी घालाले मी येईन."

मला वाटलं, आता परत फिरतात. त्यांनी कडेची कुंडी उचलून बघितली. मग म्हणाल्या, "बरं."

रविवारी मांडवात पाहुणे चहा पीत बसले होते. मी नवं लुगडं नेसून बादली घेऊन जिना उतरले. एकेका कुंडीत पाणी घातलं. एका पाहुणीनं पदर नाकाला लावला. "ईऽ, कसला गं वास?" सगळे सुलभाबाईंकडे बघू लागले. मीही बघितलं. त्या कपबशा गोळा करत होत्या. "मासे धुतलेलं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वरच्या घालतात. दरवर्षी."

आम्ही त्यानंतर जिवाभावाच्या मैत्रिणी झालो, असं काही नाही. कुंड्या धुऊनपुसून परत आल्या, एकीची कड फुटलेली होती. पण दार लावून मासोळी शिजवायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि आमच्या लेकरांनी आजोबांचा धंदा वर्गात मोठ्यानं सांगितला.

बाबा आता नाहीत. गावी गेले की घाटाखालून गाळ मीच भरते. कंडक्टर दरवेळी नवा असतो, आणि दरवेळी तेच विचारतो. माय म्हणते, "अजून नाई का सरली माती?" लोक मला विचारतात, तुझं घर कुठलं, तिकडचं की इकडचं? मासोळीचं पाणी मी जिथं भरदिवसा, चारचौघांसमोर ओतू शकते, ते माझं घर. नदीवरचं तर होतंच. गॅलरीतलं मी करून घेतलं. कोणाला वास येत असेल तर येऊ दे. नाक त्यांचं आहे.