काच बसवायला दोघं लागतात

बसू गेल्याचा निरोप मला मोबाइलवर मिळाला. जुन्या वर्गमित्रांच्या गटावर कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता, लाल गाडीला टेकून उभा असलेला, आणि खाली ‘आपला बसवराज, दुकानातच...’ एवढंच. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. फोटोखाली एकामागून एक जोडलेले हात पडायला लागले. मीही तसेच दोन हात टाकले आणि पुढचा पेपर ओढला. हे लिहिताना लाज वाटते, पण आता लाजेपायी काही झाकायचं नाही असं ठरवून बसलोय. उमरग्यात त्याच्या आणि माझ्या घरात फार तर दोन गल्ल्यांचं अंतर. गेले कित्येक महिने मी त्या बाजूनं जाणंच सोडलं होतं.

आठवड्याभरानं मार्केट यार्डात शोकसभा झाली. ‘त्यांचे जिवलग मित्र’ म्हणून मला बोलायला उठवलं. शिकवून शिकवून जिभेला सवय झालेली, शब्द कमी पडत नाहीत. मी ‘निर्मळ मैत्री’ म्हणालो, ‘आतबाहेर एक असलेला माणूस’ म्हणालो, गाडीचा एक गमतीचा किस्सा सांगितला. माणसं डोळे पुसत हसली. पुढच्या रांगेत बसलेल्या महानंदा वहिनींनी, बसूच्या बायकोनं, एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं, दुःखानं... वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहायला सांगितलं तेव्हाही तोच किस्सा घोळवून लिहिणार होतो. पण मधे एक दुपार आली. ती सांगायची तर गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

बसूचं आडत दुकान, वडिलांपासून चालत आलेलं. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि चिडला की दोन्ही. पंचेचाळिशीला टेकला तेव्हा हैदराबादहून तो ही गाडी घेऊन आला. दोन दारांची, जमिनीला पोट लागेल इतकी बसकी, आमच्या तरुणपणातली परदेशी स्पोर्ट्स कार. दुकानासमोर उभी केली तेव्हा हमाल गोळा झाले. एकानं विचारलं, “मालक, लई भारी हाय. पण ह्यात पोतं कुठं ठिवायचं?” बसू म्हणाला, “पोतं न्हाय रं, ह्यात मास्तर ठिवायचा.” तेव्हापासून दर रविवारी मी त्या गाडीत ठेवला जाऊ लागलो. माकणीच्या धरणापर्यंत जायचं, डबा खायचा, परत यायचं. माझ्या आयुष्यात चैन म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती दुसऱ्याची होती.

गाडी आली तेव्हा समोरच्या काचेचं रबर फाटलेलं होतं. अशा जुन्या गाड्यांची काच चिकटवलेली नसते. ती रबरात बसते आणि रबर पत्र्याच्या कडेवर. रबराच्या खाचेत दोरी घालायची, तिची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. एकानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते, आणि दुसऱ्यानं बाहेरून त्याच जागी तळव्यानं काच दाबत राहायची. आत मी होतो. मी घाईघाईत भलतंच टोक ओढलं आणि सगळा कोपरा निसटला. काचेपलीकडं बसूचे नुसते ओठ हलताना दिसत होते. बाहेर आलो तर म्हणाला, “निधान मास्तर, निधान! पोरांना शिकवतो का पळवतो रं तू?” निधान म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. दुसऱ्या खेपेला त्यानं आधी ओढायच्या टोकाला गाठ मारून दिली. काच बसली. शोकसभेत मी सांगितला तो हाच किस्सा. पुढचं सांगितलं नव्हतं.

काही वर्षांनी काचेच्या खालच्या कोपऱ्यांत रंगाला फोड आले. बोटानं दाबले की कुरकुरायचे. पाऊस आला की पाणी थेंबथेंब आत पायाशी गळायचं. बसूला त्याचंही हसू. “आपल्या जिल्ह्यात माणसं टँकरमागं पळत्यात, अन् माझ्या गाडीत पाणी साठून ऱ्हातंय!” पण करायचं काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गंज वर दिसतो त्याहून कितीतरी जास्त रबराखाली असतो. काच उतरवायची, लोखंड उघडं पडेपर्यंत घासायचं, सडलेलं कापून टाकायचं, रंगाचं मग बघायचं. तेवढ्यात वहिनींच्या ऑपरेशनसाठी त्याला बेंगळुरूला जाऊन राहावं लागलं. किल्ली देताना म्हणाला, “अधनंमधनं चालू कर. काचेला मात्र हात लावू नको. गळू दे. मी आलो की दोघं मिळून उतरवू.”

त्याच दिवसांत माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. मुलाकडची माणसं पुण्याची. आम्ही मूळ तुळजापूरचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी, दारात एक जुनी स्कूटर. मला वाटलं, मुलाला कार्यालयापर्यंत लाल गाडीतून न्यावं. विचारलं असतं तर बसू नाही म्हणाला नसता. पण ते फोड त्यानं नुसते झाकू दिले नसते... मी फोन केलाच नाही. फोड वरवर खरवडले, पेंटर लोक जिला लांबी म्हणतात ती लुकण खड्ड्यांत भरली, वर लाल रंग मारून घेतला, आणि काळ्या सिलिकॉनची नळी आणून रबराच्या कडेनं सगळीकडं बोट फिरवलं. गळायचं थांबलं. व्याही म्हणाले, “गाडी अगदी नव्यासारखी ठेवलीय हो तुम्ही.” मी नुसता हसलो.

बसू परतला. गाडीभोवती फिरून त्यानं कोपऱ्यावर अंगठा घासला. “काच उतरवलीस?”

“पेंटरनं उतरवली,” मी म्हणालो. “लोखंडापर्यंत घासलं. सगळं नीट केलंय.”

“माझ्याबिगर?” एवढंच म्हणाला तो. त्याच्या तोंडावर जे होतं त्याला संशय म्हणता येणार नाही. त्याला वाईट वाटलं होतं.

आधी गळून मोकळं होणारं पाणी आता माझ्या सिलिकॉनखाली अडकून पडलं. मी विज्ञान शिकवतो. लोखंड कशानं गंजतं हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. तेव्हा कळलं नाही, असं म्हणायचीही सोय नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी रंगाखालून तपकिरी रेघ उमटली, मग पत्रा फुगला. बसू म्हणाला, “ह्या खेपेला आपण दोघं.” पण रबर निघालं की खाली माझं खोटं निघणार होतं. मग परीक्षा आल्या, निवडणुकीचं काम आलं, पाठ धरली. तुळजापूरच्या एका काकांना तर मी सबबीपायी दुसऱ्यांदा मारलं. बसूचे फोन येत राहिले. मास्तर, काच उतरवली. मास्तर, वेल्डिंग झालं. मास्तर, नवं रबर आलं, आता फक्त बसवायची. मी म्हणायचो, येतो, रविवारी येतो. पुढं फोन यायचे थांबले आणि मला हायसं वाटलं... हायसंच वाटलं, दुसरा शब्द नाही.

सगळे विधी आटोपल्यावर त्या दुपारी मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि मधल्या खोलीत नेलं. दिवाणावर चादर पांघरून काहीतरी ठेवलं होतं. त्यांनी चादर काढली. काच होती. भोवती नवं रबर, खाचेत पांढरी दोरी आणि दोरीच्या एका टोकाला गाठ.

“उतरवताना मी धरली होती,” वहिनी म्हणाल्या. “बसवायलाबी मी येते म्हणलं. तर म्हणाले, न्हाय, ते मास्तरचं काम हाय.”

“वहिनी, मला वेळच मिळाला नाही हो...”

“ऱ्हाऊ द्या भावजी. काच निघाली त्याच दिवशी कळलं त्यांना. तुमचं ते काळं लांबच्या लांब ओढून काढलं. खालची लुकण भुगा होऊन हातात आली. पत्र्यातनं बोट आरपार जात होतं.”

“काय म्हणाला?”

“हसले. म्हणाले, मास्तरनं पोरीच्या साखरपुड्याला नटवली व्हती.”

“मग मला बोलला का नाही?” माझा आवाज चढला. खरंच राग आला होता मला. चारचौघांत एक शिवी घातली असती, कन्नडमध्ये, मराठीत, कशातही, तर मी मान खाली घालून आलो असतो, दोरी ओढली असती. अजूनही तो राग गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावण्यात एक सोय असते, तो उत्तर देत नाही.

“तुम्ही आपणहून येऊन सांगाल म्हणून थांबले,” वहिनी म्हणाल्या. “दुकानातनं आले की विचारायचे, मास्तर येऊन गेला का? मी न्हाय म्हणायचं. रोज.” मग चादर परत पांघरत म्हणाल्या, “सभेत मात्र लई चांगलं बोललात.”

गाडी सोलापूरचा कुणी घेणार आहे. काच त्याची माणसं बसवतील. मी बसवून देतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनी कपबशी उचलून आत निघून गेल्या.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. मी आत बसलो, ड्रायव्हरशेजारी, माझ्या जागेवर. समोर काचेच्या जागी नुसतं भगदाड. चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं. नवा पत्रा कुठं जोडलाय ते हाताला लागलं नाही. वर तांबूस प्रायमर एकसारखा बसला होता. लोखंडापर्यंत घासलेलं होतं. बॉनेटपलीकडं, जिथं उभं राहून तो काच दाबणार होता, तिथं पोत्याचा एक तुकडा अंथरून ठेवला होता, पाय घसरू नये म्हणून.

“भावजी,” आतून वहिनींचा आवाज आला, “जाताना दार लावून घ्या, मांजर शिरतंय आत.”

मी उतरलो, आणि समोरून सताड उघड्या असलेल्या त्या गाडीचं दार नीट दाबून लावून घेतलं.